लस, बातमी आणि लोकांचा विश्वास

उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. आरोग्यसेविका बर्फाच्या पेटीतून लसीच्या कुप्या घेऊन येते. आशा कार्यकर्ती आदल्या दिवशी घरोघर निरोप देऊन आलेली असते. यादीतील बालकांची नावे एकेक करून पुकारली जातात. तरीही दोन-तीन नावांपुढे खूण होत नाही. चौकशी केली असता पुष्कळदा असे आढळते की, घरात कोणाचा ठाम विरोध नव्हता. 'कोठेतरी काहीतरी वाचले', 'कोणीतरी फोनवर चित्रफीत दाखविली' एवढ्याच कारणाने मूल घरी राहिले. लस तयार होती, ती टोचणारा हात तयार होता, परंतु मधला विश्वास डळमळला होता.

विज्ञानाने रोगप्रतिबंधाची साधने आपल्या दारापर्यंत आणली आहेत. ती साधने वापरायची की नाही हे मात्र माणूस आपल्या कानावर आलेल्या माहितीवरून ठरवितो. म्हणूनच बातमीची विश्वासार्हता हा केवळ वृत्तपत्रांचा किंवा पत्रकारांचा विषय राहिलेला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला आहे. गोवराची लस आणि तिच्या आधीची प्लेगची लस या दोहोंच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट व्हावी, असा या लेखाचा उद्देश आहे.

गोवर : समजतो तितका साधा नव्हे

'गोवर तर प्रत्येकाला निघतोच' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. अंगावर पुरळ दिसले की दारावर कडुलिंबाचा डहाळा लावावा, औषध करू नये, आठ दिवसांत तो आपोआप मावळतो, अशी समजूत अनेक घरांत अद्यापही आढळते. पुष्कळ मुले बरी होतात हे खरे. परंतु काहींना त्यातून न्यूमोनिया होतो, काहींना तीव्र हगवण लागते, कानातून पू वाहू लागतो. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलांच्या डोळ्यांवर परिणाम होऊन अंधत्व येऊ शकते. सुमारे हजारात एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते.

हा रोग अत्यंत सांसर्गिक आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू तेथील हवेत राहू शकतात. संरक्षण नसलेल्या दहा व्यक्ती रुग्णाच्या निकट सहवासात आल्या, तर त्यांपैकी नऊ जणांना लागण होऊ शकते. यामुळेच गावातील निम्म्या किंवा पाऊण मुलांना लस देऊन भागत नाही. साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाल्या पाहिजेत, असे तज्ज्ञांचे मत आहे.

२०१९ साली या रोगाविषयी आणखी एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवर होण्यापूर्वी व झाल्यानंतर तपासणी करण्यात आली. त्यात असे दिसून आले की, पूर्वीच्या आजारांशी झुंज देऊन शरीराने जमविलेल्या प्रतिद्रव्यांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्ये गोवरामुळे नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर बरा झाला तरी शरीराची रोगांविषयीची 'स्मरणशक्ती' तो पुसून टाकतो, आणि पुढे काही काळ ते मूल अन्य रोगांना सहज बळी पडू शकते.

१९६३ साली गोवराची लस उपलब्ध झाली. त्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे या रोगाने मृत्युमुखी पडत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२३ साली हा आकडा सुमारे १ लाख ७ हजारांपर्यंत खाली आला होता. लस उपलब्ध असतानाही एक लाखावर माणसे मरावीत, हा लसीचा दोष नव्हे. ती प्रत्येक बालकापर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागील कारण आहे. आणि न पोहोचण्याच्या अनेक कारणांपैकी अविश्वास हे एक प्रमुख कारण आहे.

मुंबईने घेतलेला पहिला धडा

लसीविषयीचा अविश्वास ही आजच्या फोनची निर्मिती आहे असे कोणास वाटेल. महाराष्ट्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे रुग्ण असल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगश या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले. साथ झपाट्याने पसरू लागली आणि तिच्या बरोबरीने अफवाही पसरू लागल्या. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसांच्या शरीरातून 'मोमियाई' काढतात, असे बोलले जाऊ लागले. ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडवरील रुग्णालयावर चालून गेला. तेव्हा ना आकाशवाणी होती, ना दूरध्वनीचा प्रसार. तरीही अफवा पसरली, कारण भीती होती आणि विश्वासार्ह माहिती नव्हती.

पुढील वर्षी पुण्यात सक्तीच्या उपायांनी हा अविश्वास किती वाढविला, हे सर्वश्रुत आहे. घरोघर शिरून केलेली झडती आणि लोकांच्या भावनांची झालेली अवहेलना यांमुळे रोगाइतकीच रोगनिवारणाची यंत्रणाही लोकांना भयंकर वाटू लागली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हे प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होते. ती सेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सक्तीने दुरावलेला माणूस सेवेने जवळ येतो, हा त्या काळाचा बोध आहे.

याच सुमारास डॉ. वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरील लस तयार करण्याच्या कामी लागले होते. लस तयार झाल्यावर ती निर्धोक आहे हे इतरांना सांगण्यापूर्वी त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. आगाखान यांनी या कार्यासाठी आपली वास्तू उपलब्ध करून दिली. इतकेच नव्हे, तर आपल्या अनुयायांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली. 'तुम्ही घ्या' असे सांगण्यापेक्षा 'मी घेतली आहे' असे सांगणारा माणूस अधिक विश्वासार्ह ठरतो, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळ येथील जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

मुलकोवालची दुर्घटना

याच प्रयोगशाळेतून गेलेल्या लसीच्या बाबतीत पुढे एक दुःखद घटना घडली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. चौकशी झाली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

परंतु बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या माणसांना काहीच झाले नव्हते. मग दोष लसीत होता, की त्या एका बाटलीच्या हाताळणीत? गावात बाटली उघडण्यापूर्वी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करता तोच वापरण्यात आला, ही बाब तज्ज्ञांनी पुढे आणली. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरील अन्यायाकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, लसीकरणात अपघात होऊ शकतो. तो नाकारून चालत नाही. आज एकदाच वापरता येणारी सिरिंज, कुपीवरील तापमानदर्शक खूण, कुपी उघडल्याची वेळ लिहून ठेवण्याची पद्धत आणि पातळ केलेली गोवराची लस चार तासांच्या आत संपविण्याचा किंवा टाकून देण्याचा नियम, ही सारी व्यवस्था असे अपघात टाळण्यासाठीच आहे. दुसरी गोष्ट ही की, आरोप एका दिवसात होतो, पण सत्य बाहेर यायला पाच वर्षे लागली. दरम्यानच्या काळात लसीविषयी लोकांच्या मनात जी शंका शिरली, तिची भरपाई कोणत्याही निवाड्याने पूर्णपणे होत नाही.

बारा मुलांवरचा निबंध

मुलकोवाल येथे अपघात खरा होता आणि त्याचे कारण चुकीचे लावले गेले. त्यानंतर सुमारे शतकभराने इंग्लंडमध्ये घडलेल्या प्रकरणात मूळ आधारच सदोष होता. १९९८ सालच्या फेब्रुवारीत 'द लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस व मुलांमधील स्वमग्नता यांचा संबंध असावा, असे त्यात सुचविले होते. निबंध प्रसिद्ध होताना पत्रकार परिषद घेण्यात आली. वृत्तपत्रांनी ही बातमी उचलून धरली. बारा ही संख्या मागे पडली आणि भीती तेवढी पुढे गेली.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर आले. २००८ साली इंग्लंड व वेल्समध्ये गोवराने पुन्हा कायमचे ठाण मांडल्याचे जाहीर करण्यात आले. २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्सी भागात बाराशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. लहानपणी लस चुकलेली मुले तोवर शाळकरी वयाची झाली होती.

सत्य शोधून काढले तेही एका पत्रकारानेच. ब्रायन डीअर यांनी २००४ पासून या प्रकरणाचा पाठपुरावा केला. लस उत्पादकांविरुद्ध दावा लावू पाहणाऱ्या पालकांच्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि ही गोष्ट त्यांनी उघड केलेली नव्हती, हे त्यांनी दाखवून दिले. २०१० साली 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. दरम्यान अनेक देशांत मोठे अभ्यास झाले. डेन्मार्कमधील ६ लाख ५७ हजार ४६१ बालकांची माहिती तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीमुळे स्वमग्नतेचे प्रमाण वाढत नाही, असे निष्पन्न झाले. बारा मुलांच्या निबंधाला साडेसहा लाख मुलांच्या अभ्यासाने उत्तर दिले. तरी ती जुनी शंका आजही फोनवरून फिरत असते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला

ही शंका इतकी चिवट का, याचे उत्तर आपल्या एका जुन्या म्हणीत आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे ठरत नाही. तर्कशास्त्रात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. गोवराच्या लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. मूल बोलते कसे, इतरांत मिसळते कसे, हे पालकांच्या लक्षात येऊ लागते तेही याच वयात. साहजिकच एक गोष्ट दुसरीच्या मागोमाग दिसते आणि आईबापांच्या व्याकुळ मनाला तेच कारण वाटते.

समजा, एका जिल्ह्यात आठवडाभरात दहा हजार बालकांना लस देण्यात आली. लस दिली नसती तरी त्या दहा हजारांपैकी काहींना त्या आठवड्यात ताप येणारच होता, काहींना जुलाब होणारच होते. म्हणून 'लस घेतल्यानंतर आजारी पडला' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत आजाराचे प्रमाण किती, हा खरा प्रश्न आहे. याच पद्धतीने डेन्मार्कमध्ये उत्तर शोधले गेले. तथापि, लसीनंतर होणारा प्रत्येक त्रास काकतालीय समजून झटकून टाकणे हेही तितकेच चूक आहे. गोवराच्या लसीनंतर काही बालकांना ताप येतो, काहींना थोडे पुरळ उठते; क्वचित कोणाला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणूनच लस टोचल्यावर बालकाला अर्धा तास केंद्रातच थांबविण्याची पद्धत आहे आणि गंभीर त्रासाची नोंद व चौकशी करण्याची व्यवस्था आहे.

असत्याचा वेग

पूर्वी अफवा पायी चालत असे. आता तिला वाहन मिळाले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात 'ट्विटर'वर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खरी बातमी पुढे पाठविली जाण्यापेक्षा खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक होती. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. याचे मुख्य कारण यंत्रे नसून माणसेच होती, हे विशेष. नवलाची आणि भीती किंवा किळस उत्पन्न करणारी गोष्ट दुसऱ्याला सांगावी, हा मनुष्यस्वभाव आहे.

या स्वभावाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा २०१८ साली फोनवरून फिरत होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षा मागण्यासाठी आलेल्या, भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने संशयावरून ठार मारले. ज्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली, ती ग्रामपंचायत कार्यालयाची होती. पंचायतीशी संबंधित प्रत्येकाने ही गोष्ट स्मरणात ठेवावी. त्याच महिन्यात 'व्हॉट्सॲप'ने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असा निर्बंध आला.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. एखाद्या नामवंत डॉक्टरचा चेहरा आणि आवाज हुबेहूब उभा करून, त्यांनी कधीच न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या तोंडी घालता येतात. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, माझ्या कानांनी ऐकले' हा पुरावा आजवर आपण अंतिम मानीत आलो. तो आता पुरेसा राहिलेला नाही.

विश्वास परत मिळविता येतो

हे चित्र निराशाजनक वाटले तरी विश्वास परत मिळविता येतो, हे आपल्याच देशाने पोलिओच्या बाबतीत सिद्ध केले आहे. पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते अशी अफवा उत्तर प्रदेशच्या काही भागांत पसरली होती आणि अनेक घरांची दारे मोहिमेला बंद झाली होती. तेव्हा सक्तीचा मार्ग न धरता त्याच वस्तीतील स्त्रिया, शिक्षक, स्थानिक डॉक्टर आणि धर्मगुरू यांना कामात सहभागी करून घेण्यात आले. त्यांनी दारोदार जाऊन शंका ऐकून घेतल्या. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० साली ४२ राहिले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण अखेरचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

गोवराबाबत मात्र काम अपुरे राहिले. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबविण्यात आली. तिची सुरुवात शाळांपासून झाली आणि शिक्षकांवर मोठी जबाबदारी आली. पुढे कोविडच्या काळात नियमित लसीकरणात खंड पडला. जी बालके त्या दोन वर्षांत निसटली, त्यांना गोवराने २०२२ साली गाठले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि नंतर भिवंडी, मालेगाव येथेही उद्रेक झाला. दाटीची वस्ती, कुपोषण आणि चुकलेले लसीकरण यांचा तेथे मेळ पडला होता. त्या वेळी नेहमीच्या वेळापत्रकाखेरीज जादा मात्रा द्यावी लागली. चुकलेली एक मात्रा ही केवळ एका घराची बाब राहत नाही, याचा हा जिवंत दाखला होय.

आपण काय करावे?

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या शब्दाला गावात मान असतो. म्हणूनच त्यांच्या फोनवरून पुढे गेलेला संदेश हा साधा संदेश राहत नाही. त्याला त्यांच्या पदाचे वजन प्राप्त होते. गावच्या विहिरीत जंतुनाशक पूड टाकल्यावर पाण्याची चाचणी घेतल्याशिवाय ते पिण्यास योग्य ठरवीत नाहीत. बातमीलाही तोच नियम लावावा. आरोग्यविषयक संदेश पुढे पाठविण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत.

१. हे कोणी सांगितले? 'एका मोठ्या डॉक्टरांनी' हे उत्तर नव्हे. नाव, पद आणि संस्था हवी.

२. केव्हाचे आहे? जुनी छायाचित्रे आणि अन्य देशांतील चित्रफिती नव्या म्हणून फिरविल्या जातात.

३. किती जणांच्या अभ्यासावर आधारित आहे? बारा आणि साडेसहा लाख यांतील फरक आपण पाहिला.

४. सांगणाऱ्याचा त्यात काही लाभ आहे काय? संदेशाच्या शेवटी एखादे चूर्ण किंवा यंत्र विकत घेण्याचा सल्ला असेल, तर उत्तर मिळालेच.

५. अन्य विश्वासार्ह ठिकाणी ही बातमी आहे काय? प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी हे पहिले आणि जवळचे ठिकाण होय. शासकीय योजना व निर्णय यांविषयीच्या संदेशांसाठी केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने २०१९ साली तथ्य पडताळणीची व्यवस्था सुरू केली.

अफवेला उत्तर देताना तीच अफवा मोठ्याने उगाळू नये. खरी गोष्ट आधी, स्पष्ट आणि थोडक्यात सांगावी. शंका विचारणाऱ्या आईला अडाणी ठरवू नये. तिची शंका मुलावरील मायेतून आलेली असते आणि त्याच मायेपोटी ती लसही देते. लसीनंतर ताप येऊ शकतो हे तिला आधीच सांगावे. जे आधी सांगितले ते घडले तर विश्वास वाढतो. जे लपविले ते घडले तर तो कायमचा जातो. एखाद्या बालकाला गंभीर त्रास झालाच, तर त्याला तत्काळ उपचार मिळवून द्यावेत, घरच्यांना भेटावे आणि चौकशीत जे निघेल ते ग्रामसभेसमोर मांडावे. मौन हे अफवेचे सर्वांत सुपीक शेत आहे.

याच्या जोडीला काही आरोग्यदायी सवयी गावाच्या अंगवळणी पाडाव्यात. खोकताना व शिंकताना तोंड झाकावे. साबणाने हात धुवावेत. पुरळ उठलेल्या मुलाला, पुरळ दिसल्यापासून किमान चार दिवस शाळेत वा अंगणवाडीत पाठवू नये आणि आरोग्यसेविकेला कळवावे. त्याचे खाणेपिणे तोडू नये. उलट पातळ व पौष्टिक आहार वारंवार द्यावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा द्याव्यात. कडुलिंबाचा डहाळा दारी लावला म्हणून कोणाचे बिघडत नाही. मात्र त्यासाठी दवाखान्याची वाट अडू नये. शाळाप्रवेशाच्या वेळी शिक्षकांनी लसीकरणाचे कार्ड पाहावे. कार्ड नसेल तर मुलाला परत न पाठविता आरोग्य केंद्राशी जोडून द्यावे.

केंद्र शासनाने गोवर व रुबेला यांच्या उच्चाटनासाठी २०२६ हे लक्ष्यवर्ष निश्चित केले. असे लक्ष्य मंत्रालयात ठरत असले तरी ते साध्य होते उपकेंद्राच्या ओसरीवर, यादीतील त्या दोन-तीन नावांपुढे खूण झाली म्हणजे. हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, सावित्रीबाईंनी रुग्णांची सेवा केली, हावड्यापर्यंतच्या असंख्य अनाम कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन शंका ऐकून घेतल्या. लस प्रयोगशाळेत तयार होते; विश्वास मात्र गावातच तयार करावा लागतो. पुढील लसीकरणाच्या दिवशी जे मूल आले नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन पाच मिनिटे बसावे. तेथे जाण्याचे काम आपलेच आहे.